बाकी किती?

नांदेड,
६ नोव्हेंबर २०२५

ती. आबा आणि आजी यांना बुद्धप्रियाचा सविनय जयभीम.

पत्राला उशीर झाला, माफ करा. दिवाळीच्या सुट्टीत लातूरला जाऊन आले. बाबांची डाळ मिल दोनच दिवस बंद होती. आईचा गुडघा आता बरा आहे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी क्लासवाल्यांनी पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंचा एवढा मोठा बोर्ड लावलाय की घरात दुपारीही दिवा लावावा लागतो. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "सगळा मुलूख लातूरला शिकायला येऊन राहिला, अन् आमची पोरगी लातूर सोडून नांदेडला गेली." रागानं नाही सांगत. हसून सांगतात.

हॉस्टेल चांगलं आहे. वरण फार पातळ असतं, डाळ मिलवाल्याची मुलगी म्हणून मला ते जरा जास्तच लागतं. माझ्या खोलीत जिक्रा नावाची मुलगी आहे, देगलूरची, माझ्याच वर्गातली. तिच्या घरून आलेलं लोणचं आम्ही दोघी पुरवून पुरवून खातो.

अभ्यास नीट चालू आहे. कॅल्क्युलसमध्ये अनंत श्रेणी संपल्या. म्हणजे धडा संपला, श्रेणी संपत नसतात. आता व्हेक्टर सुरू झालेत. डिसेंबरात परीक्षा आहे, त्यामुळे मुदखेडला येणं जमत नाही. आबा, कानात औषध वेळेवर टाकत जा.

बाकी सगळं ठीक आहे.

आपली,
बुद्धप्रिया


मुदखेड,
११-११-२५

चि. बुद्धप्रिया हीस जयभीम व अनेक मंगल कामना.
पत्र पोचले. आजीला वाचून दाखवले. तिने दोनदा वाचायला लावले.
बाकी किती?

पंढरी


नांदेड,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय आबा,
सविनय जयभीम. आजीलाही. आजी, तू ऐकत असशील तर नीट बस, हे पत्र लांब आहे. आणि मध्ये एक जागा अशी आहे की तुला माझा राग येईल. तिथं आबांना थांबवू नकोस, पुढं वाचू दे.

तुमचं कार्ड शुक्रवारी मिळालं. जिक्रानं ते माझ्या आधीच वाचलं. कार्ड उघडंच असतं, तिचा काही दोष नाही. "हे काय गं? 'बाकी किती?' पासवर्ड आहे का?" असं तिनं विचारलं. मग मला तिला सगळं सांगावं लागलं. शाळेच्या फाटकाशी मला उलटी व्हायची, म्हणून तुम्ही मला चार वर्षं मुदखेडला घरीच शिकवलं. मी गणित सोडवून पाटी पुढं केली, की तुम्ही उत्तराकडं बघायचाच नाहीत. पहिला प्रश्न, "बाकी किती?" बेरजेच्या गणितालाही तेच. मी म्हणायचे, आबा, बेरजेत बाकी नसते. तुम्ही म्हणायचात, "असती. तू बघून न्हाई राहिली." बाबांचं लातूरहून पत्र आलं आणि त्याच्या शेवटी 'बाकी ठीक' असलं, की तुम्ही ते आजीपुढं नाचवायचात. "ह्ये बघ तुझं लेकरू. जे सांगायचं राहिलं तीच तर बाकी. अन् ती म्हणं ठीक!"

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी जुलैपासून तुम्हाला लिहिलेल्या तिन्ही पत्रांच्या शेवटी मी 'बाकी ठीक' लिहिलं. म्हणून आता बाकी लिहिते. क्रमानं लिहिते, नाहीतर मी सोयीचं तेवढंच लिहीन.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमची चाचणी झाली. एक प्रश्न असा होता. एक, त्यात अर्धा मिळवला, मग एक तृतीयांश, मग एक चतुर्थांश, असं कधीही न थांबता मिळवत गेलं, तर बेरीज कुठल्या तरी आकड्याशी जाऊन थांबेल का? मी लिहिलं, थांबेल, कारण मिळवायचा आकडा दरवेळी लहान होत जातो. ते चूक आहे. थांबत नाही. का ते पुढं लिहिते.

उजमा मॅडम आम्हाला कॅल्क्युलस शिकवतात. पेपर परत देताना त्यांनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. माझं नाव घेतलं नाही, हे मला नोंदवायला हवं. "लहान होत गेलं की थांबतं, हा नियम कुणी शिकवला बाबा?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यांना उत्तर नको होतं. त्या खडू घेऊन फळ्याकडं वळल्याही होत्या. पण मला वाटलं, सगळ्यांना कळलंय. आणि मी आपण होऊन उभी राहिले.

मी म्हणाले, "आमच्या गावात रेल्वेचा एक गँगमन होता, मॅडम. अडाणी होता. त्यानं शिकवलं."

वर्ग हसला. सगळा नाही, मागच्या दोन रांगा.

आबा, ते वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. 'होता' म्हणाले, 'होते' नाही. आजोबा म्हणाले नाही. कीमनसुद्धा म्हणाले नाही, कारण कीमन म्हणजे काय ते सांगत बसावं लागलं असतं, आणि मला लवकर खाली बसायचं होतं.

(आजी, हीच ती जागा. पुढं वाचू दे.)

एवढंच झालं असतं तर मी कदाचित दिवाळीपर्यंत तुम्हाला सांगितलं असतं. पण त्याच पेपरात दुसरा एक प्रश्न होता. अर्धा, अधिक पाव, अधिक एक अष्टमांश, असं पुढं. ही बेरीज एकाकडं जाते. विचारलं होतं की पहिले तीनच आकडे मिळवले आणि सोडून दिलं, तर किती कमी पडेल? सगळ्यांनी सूत्र लिहिलं. मला सूत्र आठवेना. मी तुमच्यासारखं केलं. अर्धं चाललं, अर्धं उरलं. उरलेल्याचं अर्धं चाललं, पाव उरलं. पुन्हा चाललं, अष्टमांश उरलं. बाकी एक अष्टमांश, म्हणून तेवढंच कमी पडेल. खाली एक रेघ काढून घर काढलं होतं, तुम्ही काढायचात तसं, दाराला कडी असलेलं.

दोन दिवसांनी मॅडम मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "ते घराचं चित्र तुझंच ना? छान आहे. उरलेल्याकडं बघायचं, हे पोरांना सांगून सांगून मी थकले. तुला कुठून आलं?"

मी म्हणाले, "सुचलं, मॅडम."

म्हणजे चूक तुमच्या नावावर आणि बरोबर ते माझ्या. दोन्ही एकाच पेपरातलं. त्यानंतर मला पेपर बघवेना. मी तो घडी करून गादीखाली ठेवला, आणि मग रोज त्याच्यावरच झोपत होते.

आता तुमच्या कार्डाचं सांगते. तुमचा तो एकच प्रश्न वाचल्यावर मी माझी पेटी उपसली. तुम्ही जुन्या टाइमटेबलांच्या कोऱ्या पाठी एकावर एक ठेवून केलेली वही, आजीनं गोधडीच्या दोऱ्यानं शिवलेली, ती मी सगळीकडं सोबत नेते. पण खरं सांगायचं तर उघडत नव्हते. नुसती नेत होते. जिक्रानं आणि मी शुक्रवारी दुपारी जेवणही सोडून ती पानापानानं बघितली. मध्ये एका पानावर तुमच्या अक्षरात गणित आहे:

'पोरगी गावाला निघाली. दर पाऊल आधीच्या पावलाहून लहान टाकते. तर गाव येईल काय?'

खाली माझं अक्षर, आठ वर्षांच्या वयातलं, 'ल'ची गाठ उलटी: 'होय येईल. कारण पाऊल लाहान झाले.'

त्याच्यावर तुमची तांबडी पेन्सिल. 'पाऊल लहान झाले म्हणजे गाव आले असे नाही. बाकी बघ.'

आबा, तुम्ही चुकीचं शिकवलंच नव्हतं. तुम्ही बरोबर शिकवलं होतं, आणि मी ती चूक आठव्या वर्षी केली होती, तुम्ही ती खोडली होती, आणि मी ती पुन्हा एकोणिसाव्या वर्षी केली. मधल्या काळात मला एवढंच आठवत राहिलं की आबा काहीतरी लहान होण्याबद्दल सांगायचे. पाऊल की बाकी, ते मी विसरले.

जिक्रा पोट धरून हसली. "अकरा वर्षं झाली अन् तीच मिस्टेक! तू सुधारणार न्हाईस बघ." मग मी रडायला लागले, तेव्हा तिनं लोणच्याची बरणी माझ्या मांडीवर ठेवली. ती रडण्यावर तेवढा एकच उपाय करते. त्यानं बरं वाटतं हेही खरं आहे.

तुम्हाला त्या श्रेणीचं सांगायचं राहिलं. हे वाचून तुम्ही खूश व्हाल. एक आणि अर्धा बाजूला ठेवा. पुढचे दोन, एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश. दोन्ही मिळून अर्ध्याहून जास्त भरतात. पुढचे चार आकडे घ्या, तेही मिळून अर्ध्याहून जास्त. पुढचे आठ, पुढचे सोळा, तेच. म्हणजे चालणारा कितीही थकला, पाऊल मुंगीएवढं झालं, तरी त्याचं पहिल्या पावलाच्या अर्धं अंतर पुन्हा पुन्हा पडतच राहतं. तो कुठं थांबत नाही. मुदखेडहून निघाला तर नांदेड, परभणी, मुंबई, सगळं मागं पडेल. लई पावलं लागतील, पण पडेल. त्याची बाकी कधी कमीच होत नाही. पाऊल मात्र कमी होत जातं, आणि माझ्यासारखी त्यालाच भुलते.

काल सोमवारी मी पेपर आणि वही घेऊन उजमा मॅडमकडं गेले. सकाळी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले, तिसऱ्यांदा जिक्रानं मागून ढकललं. मी सगळं सांगितलं. माझे आजोबा मुदखेडला कीमन होते. कीमन म्हणजे रोज खांद्यावर हातोडा घेऊन सहा किलोमीटर रूळ तपासत जायचं, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी ढिली झाली असेल तर ती ठोकून बसवायची आणि सहा किलोमीटर परत यायचं. ते सातवी शिकलेत. त्यांना हातोड्यानं आणि गाड्यांनी ऐकू येईनासं झालंय, म्हणून मी त्यांना पत्र लिहिते. मी ज्यांना गँगमन म्हणाले ते तेच, आणि सुचलं म्हणाले तेही त्यांचंच.

मॅडमनी वही हातात घेतली आणि ते पान वाचलं. मग म्हणाल्या, "अगं, हे अडीच महिने घेऊन फिरून राहिलीस?"

मी हो म्हणाले.

"माझे अब्बा इथंच कपडे शिवायचे. तिरका काप किती अंशावर घ्यायचा ते मी त्यांच्या मेजावर शिकले. कॉलेजात कुणी विचारलं, की मी म्हणायचे, वडील कपड्याच्या धंद्यात आहेत. खरं सांगायला मला बारा वर्षं लागली, आणि तोवर अब्बा गेले होते. तू लवकर आलीस."

त्यानंतर त्या एकदम खडूस झाल्या. म्हणाल्या, मार्क वाढणार नाहीत. मी म्हटलं, कमी करा, दुसऱ्या प्रश्नाचे. त्या म्हणाल्या, "वेडी आहेस का? शिकवलेलं लिहिलं म्हणून मार्क कापायला लागले तर सगळ्यांना शून्य द्यावं लागेल." मग मी विचारलं की वर्गात तुम्ही सांगाल का. तर म्हणाल्या, "मी कशाला? हशा तू मिळवलास. तूच सांग."

आज सांगितलं. नीट नाही सांगितलं. सुरुवातीची दोन वाक्यं मी वर्गाकडं पाठ करूनच म्हणाले. पण मग मी फळ्यावर घर काढलं, कडी काढली, रस्ता काढला, आणि पाऊल कुठलं आणि बाकी कुठली ते दाखवलं. तिथून पुढं जमलं. मागच्या रांगेतल्या जुबेरनं विचारलं, "मग एक, एक चतुर्थांश, एक नवमांश, ती थांबते ना? तिथं बाकी कशी बघायची?" चांगला प्रश्न होता. आम्ही तासभर त्याच्याच मागं होतो, मॅडम खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी जुबेर म्हणाला, "आबांनाच घेऊन ये ना एकदा. व्हायव्हा त्यांनाच घेऊ दे, निदान प्रश्न एकच असंल." सगळे हसले. या वेळी मीही हसले.

हे इथं संपवलं असतं तर पत्र छान झालं असतं. पण तुम्ही 'किती' विचारलंय.

गेल्या आठवड्यात व्हेक्टर शिकवताना मॅडमनी एक प्रश्न विचारला, की माणूस किती चालला आणि कुठं पोचला, या दोन गोष्टी वेगळ्या कशा? मला आजी ऐकू आली. तुम्ही ड्युटीवरून येऊन पाय बादलीत सोडायचात, आणि ती चुलीपासून म्हणायची, "बारा किलोमीटर चालला माणूस, अन् पोचला कुठं? आपल्याच उंबऱ्यात." आणि तुम्ही म्हणायचात, "मी न्हाई पोचलो. पन गाड्या पोचल्या ना."

मी बोट वर केलं नाही. कारण मला दुसरंच आठवत होतं.

अठ्ठावीस सप्टेंबरला, रविवारी, मी मुदखेडला आले होते. तुम्हाला सगळं सांगायला. गाडीत वाक्यं पाठ केली होती. उतरले आणि पादचारी पुलावर चढले. तिथून आपल्या घराचा निळा पत्रा दिसतो. आजीची हिरवी साडी वाळत होती. तुम्ही दारात खुर्ची टाकून बसला होता. माझे पाय पुलाच्या मधोमध थांबले. मी तिथं, मला वाटतं, वीस मिनिटं उभी होते. मग खाली उतरले, पण अलीकडच्याच बाजूला, आणि आलेल्या गाडीनं नांदेडला परत गेले. दोन्ही तिकिटं माझ्या वहीत आहेत. जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर झाले आणि मी पोचले कुठंच नाही. माझ्यामुळं तर कुठली गाडीही पोचली नाही.

नंतर धम्मचक्र दिनाला आजीनं खीर केली असेल आणि माझी वाटी काढून ठेवली असेल, हे मला इथं बसून कळत होतं. तेव्हाही न येण्याचं कारण मी 'परीक्षा' असं लिहिलं. तेव्हा परीक्षा नव्हती.

एक गोष्ट विचारायची आहे. त्या दिवशी मी पुलावर असताना तुम्ही कपाळापाशी हात नेला होता. मी तेव्हा समजले, ऊन डोळ्यावर आलं असेल. पण आपलं दार उत्तरेला आहे, आबा. तिथं ऊन येत नाही. हे मला कार्ड मिळाल्यावर लक्षात आलं. तुमचे कान गेलेत, डोळे नाही. दोन रुळांत बोटभर फरक पडला तर तुम्हाला लांबून दिसायचा. मग पुलावर उभी असलेली स्वतःची नात दिसली नसेल का? आणि दिसली असेल, तर तुम्ही दीड महिना एक अक्षर लिहिलं नाहीत. फक्त मी तिसऱ्यांदा 'बाकी ठीक' लिहिलं तेव्हा विचारलंत.

याचं उत्तर पत्रानं पाठवू नका. मी रविवारी, तेवीस तारखेला येते आहे. सकाळच्या गाडीनं. जिक्रापण येते म्हणतेय. तिला ते निळ्या पत्र्याचं घर बघायचं आहे आणि आजीला लोणचं द्यायचं आहे. बरणी अर्धीच आहे, आधीच सांगून ठेवते. आजी, खीर करू नकोस, तुझी ज्वारीची भाकरी आणि घट्ट वरण कर. घट्ट, म्हणजे चमचा उभा राहील असं. आणि रागवायचं असेल तर जेवण झाल्यावर रागव, नाहीतर मला जेवण जाणार नाही.

आबा, तुमची ती वही सोबत आणते. त्या पानाखाली मी अजून काही लिहिलेलं नाही. तुमच्यासमोर उत्तर दुरुस्त करीन, तुम्ही तांबडी पेन्सिल काढून ठेवा.

आता हिशेब बघितला. सांगायचं ते सगळं सांगून झालं असं वाटतंय, पण मला आता माझ्या वाटण्यावर भरवसा नाही. म्हणून मोजून लिहिते.

बाकी: पुलापासून आपल्या दारापर्यंत, अंदाजे दोनशे पावलं. लहान टाकणार नाही.

पंढरी कीमन यांच्याकडं शिकलेली,
त्यांची नात,
बुद्धप्रिया